ह्यांच्या स्वेटरची लोकर

मुंबईत बसून स्वेटर विणणाऱ्या बाईला काय म्हणावं, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. माझ्यासमोरच विचारायचे. तरी माझ्या हातचा एक स्वेटर त्यांनी चौतीस वर्षं घातला. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत ते नकाशे काढायच्या विभागात होते आणि त्या खोलीतला एसी असा होता की मे महिन्यातही माणसं नाक ओढत बसत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तो स्वेटर विणला. राखाडी, जरासा निळसर, पूर्ण बाह्यांचा. मुलुंडहून जाताना तो पिशवीत असायचा, ऑफिसात अंगात आणि येताना परत पिशवीत.

मी पुस्तकात बघून कधी विणलं नाही. आईकडून शिकले तीही तशीच. टाके किती घालायचे ते माणसाच्या अंगावर लावून ठरवायचं, आकडा लिहून ठेवायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात ह्यांना पाठमोरं उभं करायचं, सुईवरचं विणकाम पाठीला लावायचं, कमी वाटलं की उसवायचं, पुन्हा टाके घालायचे. "सरळ उभे राहा हो," असं मी दर दोन मिनिटांनी म्हणायचे. ते मुद्दाम एक खांदा खाली सोडायचे. "शिंपीसुद्धा एवढा छळ करत नाही," म्हणायचे. तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा, कारण माझे टाके मोजायचे चुकायचे.

इतक्या वर्षांत मी त्याची कोपरं दोनदा विणून नीट केली. एकदा पिशवीत शाईच्या पेनाचं टोपण निघालं आणि डाव्या बाजूला, खालच्या पट्टीच्या वर, शाईचा डाग पडला. लिंबू लावलं, दूध लावलं, काही उपयोग झाला नाही. "नवीन विणते," मी म्हटलं. "काही नको. हा मला पोचवूनच जाईल," ते म्हणाले. असलं अभद्र बोलण्यात त्यांना गंमत वाटायची आणि मी चिडले की जास्तच वाटायची.

ते गेले ते दोन वर्षांपूर्वीच्या माघात. सकाळी दूध आणून ओट्यावर ठेवलं, खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. त्यांचे बाकीचे कपडे मी महिन्याभरात देऊन टाकले. मला सामान साठवून ठेवणारी माणसं आवडत नाहीत, आणि आमचं घर तरी केवढं. पण स्वेटर बेडरूमच्या दारामागच्या हुकावर होता तो तिथेच राहिला. खांदे त्यांच्या खांद्यांसारखेच, उजवा जरा वर, डावा खाली. कधी कधी मी दार लावून त्यात तोंड खुपसायचे. एकटीच्या घरात दार कशाला लावायचं? पण लावायचे.

लेकीला दिवस गेले ते ह्यांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतर. ती कांजूरमार्गला दिली आहे. तिच्या सासरची माणसं मूळची मालवणकडची, गिरणी होती तोवर गिरणीतली. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकते. फोनवर लेकीने बातमी सांगितली, मी रडले, तीही रडली, कारण दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. मग नाक पुसून ती म्हणाली, "आई, एक ऐक ना. आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी नवीन काही आणत नाहीत. सासूबाईंना अजिबात चालत नाही. तू लगेच लोकर आणायला धावू नकोस, प्लीज."

तिला कसं कळलं म्हणून विचारू नका, पण मी चपला घालूनच फोनवर बोलत होते.

ही रीत आमच्याकडेही आहे. पहिले काही दिवस बाळाला जुनंच घालतात. जिथली मुलं धडधाकट वाढली अशा घरातलं एखादं झबलं मागून आणतात. जुनं घातलं की मूल टिकतं, असं जुन्या बायका म्हणायच्या. नवीन कपडे बारशाला. मी काही फार रीतिभाती पाळणारी बाई नाही, तीस वर्षं सरकारी ऑफिसात फायली हलवल्या आहेत. पण पोटातल्या बाळाच्या बाबतीत कोण पैज लावणार? आणि स्वेटर तर मला विणायचाच होता. बाळ डिसेंबरात होणार होतं. शिवाय लेकीच्या घरी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास येतो, म्हणून खिडक्या बंद आणि एसी चालू. थंडीपेक्षा त्या एसीची मला काळजी होती.

दारामागच्या हुकाकडे माझी नजर कधी गेली ते आठवत नाही. पण एकदा गेली आणि मग हलेना. लोकर जुनी होती. चौतीस वर्षं ज्याने ती अंगावर घातली तो कधी फारसा आजारी पडला नाही. आणि ह्या माणसाने नातवंडासाठी काय वाट पाहिली होती! लेकीच्या लग्नात अक्षता पडून दोन तास झाले नाहीत तोवर व्याह्यांना म्हणाले होते, "आता पुढच्या कार्यक्रमाचं बघा." लेक आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आता निदान त्यांच्या अंगची लोकर तरी त्या बाळाच्या अंगाला लागावी, असं मला वाटलं. दुसरं काही त्याला आजोबांकडून मिळण्यासारखं नव्हतं.

लेकीला सांगितलं.

"बाबांचा उसवणार? मग तुझ्याकडे काय राहील गं?"

"मला काय करायचंय? कपाटात कसरीला घालण्यापेक्षा बरं."

"कपाटात नाहीये तो, आई. दारामागे आहे."

म्हणजे तिला माहीत होतं. मी विषय बदलला.

उसवायला दोन दुपारी लागल्या. गळ्यापासून टोक शोधलं आणि ओढलं. चांगलं विणलेलं असलं की भराभर सुटत जातं, कुठे अडकत नाही. पहिल्यांदा खांदे गेले. मी मध्येच थांबले, उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. एरवी लडी करताना ह्यांचे दोन हात पुढे असायचे आणि पेपर वाचता येत नाही म्हणून कुरकुर असायची. ह्या वेळी मी खुर्चीच्या पाठीभोवती लोकर गुंडाळली. लड्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या, पिळून बाल्कनीत टांगल्या, सळ जावेत म्हणून खाली पाण्याने भरलेला तांब्या बांधला. वाळल्यावर लोकर सरळ झाली आणि तिचा वास साबणाचा यायला लागला. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. लोकर धुतल्याशिवाय विणायची नसते हे काय मला कोणी सांगायला हवं? पण खरंच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता बाळाला अंगावर लावून बघणार कशी? ते तर पोटात. शेवटी तांदळाची पिशवी पंच्यात गुंडाळली, वरून दोरी बांधून मान केली आणि तिला मांडीवर घेऊन माप बघितलं. पाठीला साठ टाके बसले. पुढचे दोन भाग तिसाला थोडे जास्त, कारण बटणपट्टी आली. साधाच नमुना, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, कडेला नुसते सुलट. लेकीने फोनवरून दम दिला, "आई, ह्या वेळी लिहून ठेव. पुढे कोणाला लागेल." म्हणून जन्मात पहिल्यांदा मी टाक्यांचे आकडे लिहिले, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर. पाठ साठ. बाही छत्तीस, वर वाढवत पन्नास. सगळं.

शाईचा डाग काही धुऊन गेला नव्हता. उसवल्यावर तो लोकरीत तुकड्या-तुकड्याने पसरला आणि विणताना पुन्हा वर आला, डाव्या भागावर, निळे-काळे ठिपके, बारीक मोहरीएवढे. तेवढी लोकर कापून टाकता आली असती. मी टाकली नाही. मला ते ठिपके दिसले की बरं वाटायचं. बटणं तेवढी लावली नाहीत. बाळ येईपर्यंत काहीतरी अपुरं ठेवावं म्हणून.

नात झाली. सहा पौंडांना थोडी कमी, नाक ह्यांचं. बाळंतपण माझ्याकडेच होतं, त्यामुळे घर एकदम गजबजलं, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, धुरी. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी चार पांढरी बटणं लावून दोरा तोडला आणि सकाळी आंघोळ झाल्यावर नातीला तो स्वेटर घातला. बाह्या जरा लांब होत्या, एक घडी घातली. लेक माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

विहीणबाई दहाच्या सुमाराला आल्या. जावई पिशव्या घेऊन मागे. हातपाय धुऊन त्यांनी आधी नातीला मांडीवर घेतलं. "काय गो सुंदर विणलंय!" त्या म्हणाल्या. त्यांनी बाहीवरून बोट फिरवलं, कड उलटून आतली बाजू बघितली. शिवणकाम करून त्यांनी मुलं वाढवली आहेत, त्यांना काम कळतं. मी अगदी फुलून गेले. मग त्यांचं बोट डाव्या बाजूच्या ठिपक्यांवर थांबलं.

"लोकर डागाची दिली हो तुम्हाला. दुकानदाराने फसवलंन. बघून नाय घेतलात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं. फसवलं मेल्याने, असं म्हणून हसायचं आणि घुगऱ्यांकडे बघायला निघून जायचं. एवढंच करायचं होतं. पण चाळीस वर्षं लोकर हाताळणाऱ्या बाईला लोकर बघून घेता येत नाही, हे माझ्या घरात बसून कोणी म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, हे माझ्या जिभेला जमलं नाही.

"फसवायला मी विकतच आणली नाही," मी म्हटलं. "ह्यांच्या स्वेटरची लोकर आहे. मी उसवून विणला. ती शाई त्यांच्या पेनाची आहे."

मोठ्या अभिमानाने म्हटलं.

विहीणबाईंचं बोट तिथेच राहिलं. चेहरा उतरला. मग त्या घाईघाईने बटणं काढायला लागल्या. नवीन काजं घट्ट होती, त्यांच्या बोटांना बटणं सुटेनात. नात रडायला लागली. जावई म्हणाले, "आई, राहू दे ना, काय करतेस?" त्यांनी ऐकलं नाही. स्वेटर काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला, पोरीला स्वतःच्या पदरात गुंडाळून छातीशी धरलं आणि एरवी माझ्याशी जपून मुंबईचं मराठी बोलणारी ती बाई म्हणाली, "मेलेल्या माणसाचो कपडो पोराक घालीत नाय गो! येवढा तुमका कळूक नाय?"

"मेलेल्या माणसाचा कसला?" मी म्हटलं. "तिच्या आजोबांचा आहे."

माझा आवाज चढला होता. लेक दारात उभी होती, तिच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. मग आत्याबाई आल्या, पाळणा हलला, कानात नाव सांगून झालं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. विहीणबाईंनी आणलेलं पिवळं झबलं-टोपडं नातीने घातलं. फोटोंमध्ये मी हसते आहे. स्वेटर दिवसभर खुर्चीवर होता, बसायची वेळ आली की माणसं ती खुर्ची सोडून बसत होती.

मंडळी गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. मी भांडायच्या तयारीत होते. तुझ्या सासूला इतकं कसं कळत नाही, हे वाक्य ओठावर होतं.

"आई, त्यांना आधी एक मुलगा झाला होता," ती म्हणाली. "मलाही लग्नानंतर वर्षाने कळलं. दोन महिन्यांचा होऊन गेला. घरात कपड्यांची चणचण होती, म्हणून त्याला त्यांच्या वारलेल्या सासूच्या लुगड्याची दुपटी केली होती. सगळे म्हणाले, त्यानेच. त्यांनी त्यानंतर मेलेल्याची सुतळीसुद्धा घरात ठेवली नाही."

त्या बाईची भीती मूर्खपणाची होती, पण तिच्यामागे दोन महिन्यांचं मूल होतं. माझ्या बाजूला नुसता एक स्वेटर होता आणि आता तोही नव्हता. रागवायलाही जागा राहिली नाही, ह्याचाच मला खूप राग आला.

पुढचा महिना नात माझ्याकडेच होती. स्वेटर मी कपाटात ठेवला. घरात विचारणारं कोणी नव्हतं, घातला असता तरी कांजूरमार्गला कळलं नसतं. "घाल ना गं," लेक दोनदा म्हणाली. मी म्हणायचे, बघू, आज उकडतंय. मुंबईची थंडी माझ्या मदतीला यायची नाही म्हणजे नाही.

मग जानेवारीत एके सकाळी खरंच गारठा पडला. लेक आंघोळीला गेली होती. नात दुपट्यात जागी होती, हात हलवत. मी कपाट उघडलं, स्वेटर काढला, तिला घातला. आता बाह्यांची घडी घालायला लागत नव्हती. तिला घेऊन मी बेडरूमच्या दारामागे गेले, जिथे तो रिकामा हुक आहे तिथे. "बघा," मी म्हटलं, "कशी दिसतेय तुमची नात." वेडेपणा, पण म्हटलं.

तेवढ्यात ती शिंकली. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

तान्ही मुलं शिंकतात. नाक साफ व्हायला शिंकतात, हे मी सगळ्या जगाला सांगत आले आहे. आणि तरी मी तिला पलंगावर टाकून ती चार बटणं ओढायलाच लागले. तीच बटणं, विहीणबाईंना सुटत नव्हती ती. मलाही सुटेनात. स्वेटर मी जमिनीवर टाकला. हो, टाकला. मग तिला उराशी धरून दहा मिनिटं तशीच बसले, तिसरी शिंक येते का ते ऐकत.

आली नाही. तिला काही झालं नव्हतं, झालं ते मला. ज्या माणसाबरोबर मी जवळपास चाळीस वर्षं काढली, ज्याने लेकीला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या, त्याच्यापासून आपल्या नातीला काही होईल, असं मला वाटलं. विहीणबाईंना वाटणं वेगळं, त्या ह्यांना लग्नकार्यात भेटलेल्या. मला वाटलं. मी जमिनीवरून स्वेटर उचलला, झटकला आणि कपाटात अगदी मागे ठेवला. लेकीला सांगितलं नाही. ह्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

सव्वा महिना झाला, जावई न्यायला आले. सामान भरताना लेक हळूच म्हणाली, "आई, स्वेटर दे. मी माझ्या कपड्यांत खाली ठेवते. सासूबाई माझं कपाट उघडत नाहीत. बाबांचा आहे, मी घालणार तिला."

तिने मागितला. मला हवं होतं तेच तिने स्वतःहून मागितलं.

"नको गं," मी म्हटलं. "राहू दे इथे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी सासूच्या मानासाठी म्हणते आहे. मला म्हणाली, "किती समजूतदार झालीस," आणि मिठी मारली. मी ती मिठी घेतली.

त्यांची गाडी गेल्यावर घर आवरलं. शेगडी माळ्यावर, उरलेला डिंक डब्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो छोटा स्वेटर काढून बसले आणि गळ्याचं टोक शोधून ओढलं. ठरवलं होतं, ह्यांचा परत विणायचा. लोकर तीच, विणणारी मीच. त्यांच्या स्वेटरची उरलेली लोकर डब्यात होतीच, दोन्ही मिळून होईल. हुकावर पुन्हा लावायचा आणि कोणाला काही सांगायचं नाही. लडी धुतली, वाळवली, गुंडा केला. मोठ्या सुया काढल्या आणि टाके घालायला घेतले.

शंभरावर थांबले. जास्त वाटले. नव्वद केले, कमी वाटले. कॅलेंडरच्या मागच्या पानावर बाळाचा एक-एक टाका लिहिलेला आहे, पाठ साठ, बाही छत्तीस. ह्यांचा एकही आकडा कुठे नाही. मी सुई घेऊन उठले आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथे सुई धरून उभी राहिले, खांद्याच्या उंचीवर, आणि कुठे लावून बघायचं ते मला कळेना.